पाण्यापाशी थांबणारे रस्ते

बरगीच्या जलाशयाकाठी असे कितीतरी रस्ते आहेत, जे सरळ पाण्यात उतरतात. पुढे गाव होतं म्हणून रस्ता होता. गाव बुडालं, रस्त्याचा पुढचा तुकडा बुडाला, मागचा अजून काठापर्यंत येतो. आधी डांबराला भेगा दिसू लागतात, मग त्या भेगांतून गवत. मग दोन्ही बाजूंची बाभळ आणि घाणेरी इतकी जवळ येते की हँडल सांभाळून न्यावं लागतं, आणि शेवटी पुढचं चाक ओल्या काळ्या मातीत रुततं. तिथे उतरायचं. समोर पाणी, पलीकडे सातपुड्याची निळसर रेघ, मधे वठलेल्या झाडाचा एखादा शेंडा आणि त्यावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा. चेन थांबली की आपलाच श्वास ऐकू येतो.

हे पुस्तक अशा रस्त्यांचं आहे. जबलपूरहून निघून बरगीच्या आसपास, नर्मदेच्या दोन्ही अंगांनी, एका दिवसात सायकलवर जाऊन येता येईल असे मार्ग यात दिले आहेत. नकाशे, चढ-उतार, पाणी कुठे मिळेल, पंक्चर कुठे निघेल, हे पुढच्या पानांत येईलच. प्रस्तावनेत मला वेगळ्याच गोष्टीबद्दल लिहायचं आहे. हे रस्ते शांत का आहेत?

शांत रस्त्यांवरची सायकल म्हटलं की जगभरचे सायकलस्वार इटलीचं नाव घेतात. तस्कनीतल्या ओर्चा खोऱ्याच्या सरूच्या रांगा, पिडमाँटमधल्या लांगे टेकड्यांवरचे बारोलोचे द्राक्षमळे, व्हेनिसच्या उत्तरेला कोनेल्यानो आणि व्हाल्दोब्यादेनेच्या मधल्या उभ्या उतारांवरच्या वेली. युनेस्कोने ओर्चा खोरं 2004 साली, लांगेचे मळे 2014 साली आणि ते उत्तरेकडचे उतार 2019 साली जागतिक वारसा म्हणून नोंदवले. या सगळ्या भागांत दोन गावांना जोडणारे अरुंद, वळणावळणाचे, गाड्या न दिसणारे रस्ते आहेत. तस्कनीत तर त्यांतले पुष्कळ अजून कच्चेच आहेत, पांढऱ्या चुनखडीच्या खडीचे. तिकडे त्यांना ‘स्त्रादे ब्यांके’ म्हणतात, म्हणजे पांढरे रस्ते.

हे रस्ते रिकामे कसे राहिले याची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा मला आपल्याकडच्या बटईची आठवण झाली. तस्कनीतली शेती शतकानुशतकं अर्धेलीने चालत असे. जमीन मालकाची, राबणूक कुळाची, पीक निम्मंनिम्मं. प्रत्येक टेकडीवर कुळाचं दगडी घर आणि त्या घरापर्यंत जाणारा पांढरा रस्ता. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने वाढले, तरुण मुलं शहरांत गेली, घरं ओस पडली. 1964 च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंदच केले. घरं पुढे कुणीकुणी विकत घेतली, दुरुस्त केली. पण ज्यांच्या बैलगाड्यांनी ते रस्ते मळले होते ती माणसं परत आली नाहीत. रस्ते तसेच पडून राहिले.

1997 साली कियांती भागातल्या गायोले या गावी जांकार्लो ब्रोच्ची यांनी या रस्त्यांवर जुन्या सायकलींची एक सफर काढली. नाव ‘लेरोइका’. पहिल्या वर्षी जेमतेम शंभर लोक होते. आज जगभरातून हजारो येतात. अट अशी की सायकल 1987 च्या आधीची हवी. पण मूळ हेतू सायकलींचा नव्हताच. पांढऱ्या रस्त्यांवर डांबर पडू लागलं होतं, आणि ते वाचवायचे तर लोकांनी आधी ते वापरायला हवेत, असं त्यांना वाटलं. पुढे 2007 पासून याच रस्त्यांवर व्यावसायिक शर्यत सुरू झाली, तिचं नावच ‘स्त्रादे ब्यांके’. सायकलने एखाद्या रस्त्याचं रक्षण केल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण माझ्या माहितीत दुसरं नाही.

इटलीतल्या आणखी एका जागेबद्दल सांगायला हवं, कारण बरगीचा काठ पाहिला की मला तीच जागा आठवते. आल्प्समध्ये, ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून रेझिया नावाचा तलाव आहे. त्याच्या पाण्यातून चर्चचा एक मनोरा सरळ वर आलेला आहे, चौदाव्या शतकातला. खाली कुरोन हे गाव होतं. वीजनिर्मितीच्या धरणासाठी 1950 साली ते बुडवलं. 163 घरं आणि पाचशे हेक्टरांहून जास्त सुपीक जमीन पाण्याखाली गेली. गावकरी जर्मन बोलणारे, नोटीस लागली ती इटालियनमध्ये. आज याच तलावापासून व्हेनोस्ता खोऱ्यातला प्रसिद्ध सायकलमार्ग सुरू होतो, सफरचंदांच्या बागांमधून खाली मेरानोपर्यंत. लोक सायकली रेल्वेत घालून वर नेतात आणि नदीच्या सोबतीने उतरत येतात. पाण्यातल्या मनोऱ्यापाशी प्रत्येक जण थांबून फोटो काढतो. त्या फोटोत फार शांतता असते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चित्र परकं नाही. पुण्याच्या सायकलस्वारांचा सगळ्यात आवडता रस्ता कुठला, तर मुळशीच्या पाण्याच्या कडेने ताम्हिणीकडे जाणारा. त्याच पाण्यासाठी 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. उजनीचं पाणी उन्हाळ्यात ओसरलं की भीमेच्या पात्रातून पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, आणि लोक ते बघायला जातात. आपण गेली कित्येक वर्षं बुडालेल्या गावांच्या काठाकाठाने सायकली चालवत आलो आहोत.

आता बरगी.

आमचं घर जबलपूरचं. मूळचे नागपूरकडचे. भोसल्यांच्या अमलात आणि नंतर इंग्रजांच्या मध्य प्रांतात जी मराठी घरं या रस्त्याने वर आली, त्यांतलंच एक. 1817 च्या डिसेंबरात जबलपूर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेलं, पण नागपूरहून येणारा रस्ता तोच राहिला: लखनादौन, धूमा, बरगी, मग तिलवाराघाटावर नर्मदा आणि पलीकडे जबलपूर. वडील तोफगाडीच्या कारखान्यात. जबलपूर हे मुळात सायकलींचं गाव. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की रस्ताभर सायकलीच सायकली, कॅरिअरला डबे लावलेले. संध्याकाळी सुटीचा भोंगा झाला की तोच लोंढा उलटा. वडिलांची चोवीस इंची सायकल घरी आल्यावर माझ्या हाती यायची. सीट उंच, पाय पुरत नव्हते, म्हणून नळीखालून पाय घालून मी ती शिकले. त्या काळी बरगीला आम्ही वर्षातून एकदा छोट्या गाडीने जायचो. जबलपूर ते गोंदिया ही अडीच फुटी रुळांची गाडी, बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली. चढाला तिची चाल इतकी मंदावायची की मुलं खाली उतरून बोरं वेचून परत चढायची. 2015 साली जबलपूर ते नैनपूर हा तिचा पट्टा बंद झाला आणि पुढे तिथे मोठे रूळ आले.

धरणाचं काम 1974 साली सुरू झालं आणि 1990 मध्ये जलाशय भरला. पाच किलोमीटरहून लांब भिंत, 69 मीटर उंची, एकवीस दरवाजे. पाणी मागे मंडल्याच्या दिशेने पंचाहत्तर किलोमीटर पसरलं. राणी अवंतीबाई सागर असं त्याचं नाव. मंडला, सिवनी आणि जबलपूर या तीन जिल्ह्यांतल्या 162 गावांना त्याची झळ पोचली. नर्मदेवर ठरलेल्या मोठ्या धरणांच्या मालिकेतलं हे पूर्ण झालेलं पहिलं. सरदार सरोवराचा लढा देशाला माहीत झाला. बरगीची माणसं मात्र त्याआधीच उठली होती, आणि लढ्याची भाषा तयार व्हायच्या आतच त्यांची घरं पाण्यात गेली.

उठून ती कुठे गेली? काही वरच्या टेकाडांवर, जंगलाच्या कडेला, जिथे माती पातळ आणि मुरूम जास्त. काही जबलपुरात. नर्मदाकाठचे गोंड, ढीमर, छोटे शेतकरी शहरातल्या झोपडपट्ट्यांत आले आणि त्यांतल्या पुष्कळांनी सायकलरिक्षा धरली. बरगीच्या विस्थापितांबद्दलच्या वृत्तांतांत आणि अभ्यासांत ही नोंद पुन्हा पुन्हा येते. मी ते कुठे वाचण्याच्या आधी पाहिलं होतं. नव्वदच्या दशकात मी शाळेत शिकवायला लागले, आणि गोलबाजारातून घरी जाताना जी रिक्षा करायची तिचा चालक बरेचदा बरगीकडचाच निघायचा. चढ आला की तो उतरायचा, हँडलला हात घालून रिक्षा ओढायचा. मी उतरू म्हटलं तर ‘बैठिए, बैठिए’ म्हणायचा. ज्याच्या गावाचा रस्ता पाण्यात गेला तो माणूस मला माझ्या घरापर्यंत ओढत नेत होता, हे मला फार उशिरा उमगलं. या पुस्तकाची सुरुवात तिथून झाली.

सायकल माझ्यासाठी त्या दिवसापासून नुसत्या आनंदाची गोष्ट उरली नाही. पण आनंद कमीही झाला नाही. दोन्ही एकत्र राहू शकतात असा माझा अनुभव आहे आणि तो वाचकालाही यावा अशी इच्छा आहे.

या भागात पायी फिरणाऱ्यांची परंपरा सायकलीपेक्षा फार जुनी. नर्मदेची परिक्रमा मराठी वाचकाला सांगायला नको. गोनीदांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आणि जगन्नाथ कुंट्यांचं ‘नर्मदे हर हर’ घराघरांत आहे. जबलपूरच्या अमृतलाल वेगडांबद्दल मात्र मराठीत कमी बोललं जातं. ते चित्रकार, शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे शिकलेले. 1977 साली, वयाच्या पन्नाशीजवळ, ते पहिल्यांदा नर्मदाकाठाने चालायला निघाले आणि तो पहिला टप्पा जबलपूर ते मंडला असा होता. ज्या काठाने ते चालले तो बहुतेक सगळा तेरा वर्षांनी जलाशयात गेला. त्यांनी रेखाटलेले घाट, पायवाटा आणि चेहरे हेच त्या काठाचं शेवटचं जवळून घेतलेलं दर्शन म्हणावं लागेल. आजचे परिक्रमावासी तिथे काठ सोडून, पाण्याला दूरचा वळसा घालून जातात. देवउठनी एकादशीनंतर त्यांची ये-जा सुरू होते, आणि आपला सायकलीचा मोसमही तेव्हाच सुरू होतो. पांढऱ्या कपड्यांतली, काठी-कमंडलू घेतलेली माणसं समोरून आली की वेग कमी करावा, ‘नर्मदे हर’ म्हणावं. तेही म्हणतात. नदी त्यांच्या उजव्या हाताला असते. आपण उलट दिशेने निघालो असलो, तरी त्यांची बाजू सोडून जावं.

रस्त्यांविषयी आता नेमकं सांगते.

जबलपूर ते बरगी हा थेट रस्ता, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 7, चौपदरी झाल्यापासून सायकलला योग्य राहिलेला नाही. ट्रक वेगात असतात. कडेची पट्टी अनेक ठिकाणी मधेच संपते. त्यामुळे तिलवाराचा पूल ओलांडला की शक्य तितक्या लवकर त्याला सोडावं. आपल्या उपयोगाचे रस्ते दोन प्रकारचे आहेत. पहिले प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचे. ही योजना 2000 च्या डिसेंबरात सुरू झाली आणि माझ्या मते गेल्या पाव शतकात सायकलस्वाराला मिळालेली ती सगळ्यात मोठी देणगी आहे, जरी ती सायकलस्वारासाठी केलेली नव्हती. सुमारे पावणेचार मीटर रुंद, एका गावाला मोठ्या रस्त्याशी जोडणारा, आणि गावापाशीच संपणारा. सुरुवातीला फलक असतो, त्यावर रस्त्याची लांबी, खर्च आणि देखभालीची मुदत लिहिलेली. तो फलक दिसला की समजावं, पुढे वाहनांची वर्दळ नाही. तस्कनीच्या पांढऱ्या रस्त्यांचं इथलं भावंड हेच.

दुसरे कालव्याकाठचे. धरणाचा डावा कालवा जबलपूर आणि नरसिंहपूरच्या शेतांकडे जातो. त्याच्या भरावावरून देखभालीचा रस्ता असतो, कुठे डांबरी, कुठे मुरुमाचा. एका बाजूला वाहतं पाणी, दुसऱ्या बाजूला खाली गव्हाची हिरवी चादर, आणि चढ जवळजवळ नाही. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी. मात्र काठाला कठडा नसतो, आणि पाणी दिसतं त्यापेक्षा फार जोराचं असतं. लहान मुलांना इथे आणू नये.

द्राक्षमळे आमच्याकडे नाहीत. आमच्याकडे मटार आहे. या काळ्या मातीच्या पट्ट्याला ‘हवेली’ म्हणतात, आणि जुनी पद्धत अशी की शेताला चारी बाजूंनी बांध घालून पावसाचं पाणी शेतातच कोंडायचं, ऑक्टोबरात सोडायचं आणि ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. पावसाळ्यात टेकाडावरून पाहिलं तर सगळा मुलूख लहानमोठ्या आरशांचा दिसायचा. आता बहुतेक ठिकाणी कालव्याचं नाहीतर बोअरचं पाणी आहे, आणि त्या बांधांच्या जागी मटार आला आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चारपासून मटाराची पोती भरलेल्या पिकअप गाड्या मंडीकडे सुटतात. त्या दोन महिन्यांत उजाडण्याआधी या रस्त्यांवर अजिबात येऊ नये, मग ते कितीही निर्जन वाटोत. धुकं दाट, दिवे मंद, चालक रात्रभर जागलेला. साडेआठनंतर मात्र रस्ता तुमचाच. तोडणीला आलेल्या बायका शेताच्या कडेला ओळीने बसलेल्या असतात. थांबलात तर ओंजळभर शेंगा हातात ठेवतील. पैसे देऊ नका, घेणार नाहीत. सोबत काही खाऊ असेल तो द्या.

मार्चच्या मध्याला मोहाची फुलं गळतात. तेव्हा पहाटेच झाडाखाली माणसं असतात, टोपल्या घेऊन, आणि रस्त्याच्या डांबरावरही फुलं पसरलेली असतात. त्यांवरून चाक नेऊ नये. ते कुणाचं तरी वर्षाचं मीठ-तेल आहे. एप्रिलपासून ऊन सोसवत नाही. पावसाळ्यात एकवीस दरवाजे उघडतात तेव्हा अर्धं जबलपूर तिकडे लोटतं. तेव्हा बरगीनगरचा रस्ता शांत नसतो, आणि आपण जाऊ नये.

सायकल कुठली, असं मला सगळे विचारतात. महागडी नको. गिअर असले तर सुकरी, घंसौरच्या बाजूच्या चढांना बरे पडतात, नसले तरी अडत नाही. टायर मात्र रुंद हवेत, कारण शेवटचा टप्पा हमखास खडीचा किंवा मातीचा असतो, आणि बाभळीचा काटा बारीक टायरला क्षमा करत नाही. दोन ट्यूब, पंप, पान्हा जवळ ठेवा. पंक्चर काढणारा बरगीत मिळेल, पुढे भरवसा नाही.

इटलीत उम्ब्रिया भागात स्पोलेतो ते नॉर्चा अशी छोट्या रुळांची एक रेल्वे होती. 1926 साली सुरू झाली, 1968 साली बंद पडली. तिथे रूळ उखडल्यावर बोगदे आणि पूल टाकून दिले नाहीत, त्यांवरून आता सायकली जातात. आमच्या छोट्या गाडीचा मार्ग बहुतेक ठिकाणी मोठ्या रुळांनी घेतला. पण जिथे नवी मार्गिका वळण सोडून सरळ गेली, तिथे जुन्या भरावाचे आणि दगडी मोऱ्यांचे तुकडे मोकळे पडले आहेत. त्यांतला एक जरी सायकलीसाठी राखला गेला तर किती बरं होईल. अशा तुकड्यांच्या जागा मी नकाशांत खुणा करून दिल्या आहेत. ज्यांच्या हाती काही करणं आहे त्यांनी त्या पाहाव्यात.

शेवटी एक प्रसंग, कारण त्यावाचून सातवा नकाशा समजणार नाही.

नोव्हेंबरातली सकाळ. बिजाडांडीच्या बाजूचा एक रस्ता जिथे पाण्यात जातो तिथे मी पोचले, तेव्हा काठावर एक म्हातारे गृहस्थ जाळं दुरुस्त करत बसले होते. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, हातात नायलॉनचा दोरा आणि बांबूची चपटी सुई. नमस्कार झाला. थोड्या वेळाने ते उठले, माझ्या सायकलपाशी आले, मागचं चाक जमिनीपासून जरा उचललं, पायडल फिरवून सोडलं, आणि चाक थांबेपर्यंत कान देऊन ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘रिक्शा की चेन इससे मोटी होती थी.’ बावीस वर्षं जबलपुरात रिक्षा चालवली, असं त्यांनी सांगितलं. आता मुलगा शहरात, ते परत पाण्याकाठी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ‘डूब’च्या मातीत थोडा गहू लावतात, बाकी मासे. जलाशयातल्या मासेमारीचा हक्क 1994 साली विस्थापितांच्या सहकारी संघाला मिळाला होता, त्या दिवसांबद्दल ते बराच वेळ बोलले.

मी नकाशाची वही काढली होती. हा रस्ता इथे संपतो, अशी खूण करत होते. त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘यहाँ खतम नहीं होता, दीदी. आगे कुआँ है, फिर इमली का बड़ा पेड़. इमली से बाएँ मुड़ता है. फिर हमारा घर.’ सगळं वर्तमानकाळात. मी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांना लिहिता येत नव्हतं, पण दिशा पक्की होती. पेन घट्ट धरून त्यांनी काठाच्या पुढे एक रेघ ओढली, विहिरीपाशी थोडी थांबवली, मग चिंचेपाशी डावीकडे वळवली.

सातव्या नकाशात पाण्याच्या निळ्या भागावर जी तुटक रेघ आहे, ती त्यांनी काढलेली आहे. छापताना मी ती सरळ केलेली नाही.